चिंचेखालची गाडी

"हा पिवळा कुर्ता कुणाचा?" पिशवीत डोकावत सुलक्षणाने विचारलं.

गाडी धुळ्यातून निघून पारोळ्याच्या रस्त्याला लागली होती. आईने पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि सांगितलं, ज्योतीचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं आणि भाचीला रिकाम्या हाताने भेटायचं, हे बरं दिसतं का? सुलक्षणाचा निळा होता, तो खाली होता.

सुलक्षणाला निळा नको होता. दुकानात तिने बोट ठेवलं होतं ते याच पिवळ्यावर. तेव्हा आई म्हणाली होती, पिवळा फार मळतो. ज्योतीच्या अंगावर मात्र तो मळणार नव्हता.

ज्योती म्हणजे जीवराममामांची मुलगी. राहायची फैजपूरजवळच्या खेड्यात, धुळ्यापासून तीन-साडेतीन तासांवर. पण सुलक्षणाच्या घरी तिचा मुक्काम रोजच असायचा. उठायला उशीर झाला की आई म्हणायची, ज्योती पाचला उठते. डब्यातली भाजी परत आली की, ज्योती सगळं खाते. गणितात गुण कमी पडले की, ज्योती शाळा सांभाळून केळीच्या बागेला पाणी सोडते आणि तरी पहिली येते. ज्योती तेरा वर्षांची, सुलक्षणा बारा. म्हणजे पुढे राहायला ज्योतीने जन्मापासूनच सुरुवात केली होती!

सुलक्षणाला तिचा हेवा वाटायचा. तो तिने कधी कुणाला सांगितला नव्हता, पण आतल्या आत तो चांगला पोसला होता.

"मला मळमळतंय," एरंडोलच्या अलीकडे लखन म्हणाला. लखन तिचा धाकटा भाऊ, सात वर्षांचा. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पप्पांनी गाडी कडेला घेतली. गाडी जेमतेम तीन आठवड्यांची होती. सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. लखनच्या पोटापेक्षा पप्पांना सीटची जास्त काळजी होती, असं सुलक्षणाला वाटलं. लखनला लिंबू मिळालं, पाठीवरून हात मिळाला आणि पुढची सीटही मिळाली.

"मलाही मळमळतंय," सुलक्षणा म्हणाली.

"तुला कधीपासून गं?" आईने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पप्पांनी आरशातून लेकीचं फुगलेलं तोंड पाहिलं. "नाराज नको व्हऊ, बेटा. बठ्ठं बराबर व्हई जाई," ते म्हणाले. पप्पा खुशीत असले किंवा चिडले की घरच्या अहिराणीवर यायचे. सुलक्षणा मात्र काही खुलली नाही.

जळगाव, भुसावळ मागे पडलं, तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना केळीच्या हिरव्यागार बागा सुरू झाल्या. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन रस्त्यावर थरथरत होतं.

मामांच्या घराचं मागचं दार थेट मळ्यात उघडत असे. गल्ली अरुंद, नव्या गाडीला ओरखडा पडेल, म्हणून पप्पांनी गाडी मागून मळ्यात घेतली. परसातल्या भिंतीच्या पलीकडे, गाडवाटेच्या कडेला, चिंचेचं मोठं झाड होतं. सावली दाट आणि खाली वाळलेल्या केळीच्या पानांचा थर. पप्पा म्हणाले, इथेच लावू. गाडी उलटी घ्यायची होती. स्वागताला ज्योती धावत मागच्या दारापर्यंत आलीच होती. पण पप्पांनी काच खाली करून हाक मारली ती सुलक्षणाला.

"सुलू, उतर. मागे उभी राहून सांग मला."

सुलक्षणा उडी मारून उतरली. ज्योती बघते आहे, हे तिला पाठमोरी असूनही कळत होतं. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या!" ती हात हलवत ओरडत राहिली. टायरखाली पानं कुरकुरली. पानांतून एक निळी चपटी पट्टी डोकावत होती. फाटक्या ताडपत्रीचा तुकडा असेल, असं म्हणून सुलक्षणाने ती तिथेच सोडली. "येऊ द्या! बस्स!"

"शाब्बास!" पप्पा खाली उतरून म्हणाले. "एका दमात. हे ज्योतीलाही जमलं नसतं!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ज्योतीचं नाव तिच्या बाजूने घेतलं गेलं होतं. सुलक्षणाने ते वाक्य मनात घडी घालून ठेवलं.

मग पप्पांनी टायरांना दगड लावले, गाडीवर चंदेरी कव्हर चढवलं आणि सगळ्या पोरांना दम दिला. गाडीच्या जवळपास फिरकायचं नाही. हात लावायचा नाही. हिला नुसता धक्का लागला तरी ही अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी बोंब मारते. लखनला ते फारच आवडलं; पण पप्पांनी त्याचा चेंडू काढून आईकडे दिला.

पुढचे दोन दिवस ज्योतीचेच होते.

तिच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेली एक किल्ली होती, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची. सुट्टी लागल्यापासून मामांनी बागेच्या पाण्याचं सगळंच काम तिच्यावर सोपवलं होतं. शेतीची लाईट त्या आठवड्यात पहाटे पाच ते दुपारी एक अशी यायची. ज्योती उठायची, मोटार सुरू करायची, कॉक फिरवायची. मग पाणी एका लांबलचक लपेटा पाईपमधून पलीकडच्या बागेत जायचं आणि ठिबकच्या नळ्यांतून थेंब थेंब झाडांच्या बुंध्याशी पडायचं. हा पाईप रिकामा असला की पट्ट्यासारखा चपटा पडतो आणि पाणी आलं की फुगतो. काम झालं की गुंडाळून ठेवता येतो, म्हणून त्याला म्हणायचं लपेटा. हे सगळं ज्योतीने लखनला समजावून सांगितलं. सुलक्षणा शेजारीच उभी होती, पण तिने मुद्दाम आभाळाकडे पाहिलं.

पिवळा कुर्ता ज्योतीला अगदी बेतल्यासारखा बसला. आई मामींना म्हणाली, या पोरीला काहीही शोभतं. सुलक्षणाने निळ्याची घडीही मोडली नाही.

शुक्रवारी ज्योती कॉक फिरवून बागेकडे निघाली, तेवढ्यात आईने तिला सांजोऱ्या करायला हाक मारली. शनिवारी मेंदीसाठी हाक मारली. "ये गं, तुझ्याशिवाय यांना काही येत नाही." यांना म्हणजे कुणाला, हे सुलक्षणाला बरोबर कळलं.

रविवारी आखाजी. पहाटेच लताबाई मामींनी चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं आणि पुरणाच्या हातभर पोळ्यांचा वास घरभर सुटला. वारलेल्या आजोबांच्या नावाची घागर भरायची होती. मामा डोक्याला उपरणं गुंडाळून केळीची पानं आणायला बागेत गेले आणि लगेचच परत आले. हातात पान नव्हतं.

"ज्योती!"

सगळे अंगणात आले. मामांचा आवाज एवढा चढलेला सुलक्षणाने कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या बागेतली सगळी पानं मिटून खाली लोंबत होती, दोन झाडं तर घडासकट मधोमध वाकली होती. कापणी पंधरा दिवसांवर आली होती. ठिबकची एकही नळी ओली नव्हती.

"तुले किल्ली दिली ती कशाले? दोन दिवस बागेले पाणी नही!"

"नाना, मी कॉक फिरवला होता. दोन्ही दिवस," ज्योती वडिलांना म्हणाली.

"मग पाणी गेलं कुठी? बागेत जाऊन पाह्यलं तू?"

तिने पाहिलं नव्हतं. हाका आल्या म्हणून गेली, असं ज्योती सांगू शकली असती. पण आत्याकडे, म्हणजे सुलक्षणाच्या आईकडे, एकदा बघून ती खाली बघायला लागली. आईलाही काही आठवलं नाही. मामांनी हात पुढे केला. ज्योतीने लाल दोरा गळ्यातून काढून दिला आणि मामांनी तो पितांबरला, शेतावर राबणाऱ्या त्यांच्या सालदाराला, देऊन टाकला. यापुढे पाण्याचं तो बघेल, ज्योतीने घरात बसावं.

सुलक्षणाला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, तिला चांगला दणदणीत आनंद झाला. ज्योतीसुद्धा चुकते! आता आई पुढचं वर्षभर कुणाचं नाव घेणार होती?

आखाजीच्या दिवशी परसातल्या कडुनिंबाला झोका बांधलेला असतो आणि पहिला झोका दरवर्षी ज्योती घ्यायची. त्या दिवशी ती आलीच नाही. "मग मी बसते," सुलक्षणा म्हणाली. लखनने खालून ढकललं, मग ती स्वतःच पाय मारत उंच जायला लागली. भिंतीच्या वर गेली, आणखी वर गेली. तिथून सगळा मळा दिसत होता. विहीर दिसली, चिंच दिसली, चंदेरी कव्हरातली गाडी दिसली.

आणि पाईप दिसला.

विहिरीकडून येणारी निळी नळी पानांतून वर उठून मांडीएवढी फुगली होती. ती सरळ गाडीखाली शिरत होती. गाडीच्या दुसऱ्या अंगाने निघत होती ती मात्र चपटी, अगदी पट्टीसारखी. मधोमध मागचं टायर होतं.

झोका खाली आला.

ती निळी पट्टी! तिने पाहिली होती. पाहून वर "येऊ द्या" म्हटलं होतं.

सांगितलं, तर काय होणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. ज्योती पुन्हा गुणाची ठरणार. आणि "हे ज्योतीलाही जमलं नसतं" हे जे एकच वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं, त्याचं हसं होणार. खरंच जमलं नसतं ज्योतीला! तिने पट्टी ओळखून गाडी थांबवली असती. सुलक्षणाने पुन्हा पाय मारले. वर गेली, पाईप बघितला, खाली आली. असं किती वेळा केलं ते तिला आठवत नाही. मग उतरून तिने दोन सांजोऱ्या खाल्ल्या. गोड लागल्या नाहीत.

तासभर तिने कुणाला काही सांगितलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला ती मागच्या दारात आली, तर गाडवाटेवरून ज्योती चालली होती. दोन्ही हातांत हापशावरून भरलेल्या बादल्या. वाकलेल्या झाडांना पाणी घालून ती रिकाम्या बादल्या घेऊन परत यायची, पुन्हा भरायची, पुन्हा जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं; उलट घरात बस म्हटलं होतं. चेहरा लालबुंद झाला होता. आणि पिवळा कुर्ता मळला होता. चिखल होता तो होताच, वर मोडक्या पानांचा चीक लागून छातीपासून खालपर्यंत तपकिरी डाग पडले होते. केळीचा चीक एकदा लागला की जन्मात निघत नाही.

एवढ्या मोठ्या बागेला दोन बादल्यांनी काय होणार? पण ज्योती वाहत होती.

"ज्योती, थांब!" सुलक्षणा उन्हात अनवाणीच धावली. "पाईप गाडीखाली आहे. टायरखाली. मीच... मीच येऊ द्या म्हटलं होतं."

ज्योतीने बादल्या खाली ठेवल्या. "तुला कधी कळलं?"

"मघाशी. झोक्यावरून. तासभर झाला."

हे न सांगता भागलं असतं. पण आता अर्धंच सांगायचा तिला कंटाळा आला होता. ज्योतीने तिच्याकडे बघितलं. काही बोलावंसं तिला वाटलं असणार, पण ती म्हणाली एवढंच, "एक वाजता लाईट जाईल. चल."

दोघी ओट्यावर धावल्या. आखाजीला पत्ते कुटायचेच, हा गावाचा नेम. चिंचोक्यांवर डाव रंगला होता. मामा होते, पप्पा होते, आणि सकाळीच कॉक फिरवून आलेला पितांबरही होता. सुलक्षणा म्हणाली, पप्पा, गाडी काढा. पप्पा म्हणाले, डाव संपू दे. ज्योती म्हणाली, नाना, बागेत पाणी पोचत नाहीये. मामा म्हणाले, पितांबरने सोडलंय, तू जा. पितांबरनेही मान डोलावली. बागेत जाऊन त्याने तरी कुठे पाहिलं होतं?

"मोठे लोक एकदा बसले की उठत नाहीत," ज्योती परत येताना म्हणाली.

"पप्पा उठतील," सुलक्षणा म्हणाली. "लखन, तुझा चेंडू आईच्या पिशवीत आहे. आण."

लखनचे डोळे चमकले. "पण गाडीला हात लावायचा नाही ना?"

"हात कोण लावतंय?"

लखन चार पावलं मागे गेला. आयुष्यात एवढ्या मनापासून त्याने चेंडू लाथाडला नसेल. चेंडू कव्हरावर धप्पकन आदळला आणि गाडीने जी बोंब मारली, ती ऐकून चिंचेवरचे कावळे उडाले, गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली आणि ओट्यावरचा डाव उधळला. पप्पा सगळ्यांच्या पुढे, हातात पत्ते तसेच! मागे मामा, त्यांच्या मागे पितांबर, आणि पिठाच्या हातांनी आई नि मामी.

"कोन शे रे तठे?" पप्पा ओरडले.

"आम्ही आहोत," सुलक्षणा पुढे झाली. "पप्पा, टायरखाली बघा. बागेचं पाणी आपल्या गाडीने अडवलंय. ज्योतीने कॉक फिरवला होता, पाणी इथपर्यंत आलं होतं. मला तेव्हाच पट्टी दिसली होती, तरी मी येऊ द्या म्हटलं. ज्योतीची चूक नाही."

मामा खाली वाकले. त्यांनी पानं बाजूला सारली आणि चेपलेल्या पाईपवरून हात फिरवला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," लताबाई मामी म्हणाल्या. "चार माणसं दोन दिवस या गाडीचं कौतुक करत इथून गेली, खाली कुणी वाकलं नाही."

पप्पांनी कव्हर काढलं, दगड काढले आणि गाडी पुढे घेतली. पाईप क्षणभर तसाच पडून राहिला. मग आत पाणी खळखळलं, चपटा भाग फुगत फुगत गाडवाटेवरून पुढे सरकला, बांध चढला आणि बागेत शिरला. पोरं त्याच्या बरोबरीने धावली. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी नळीतून आधी हवा फुसफुसली. मग एक थेंब पडला, मग दुसरा.

"पडलं, पडलं!" लखन नाचायला लागला. एक वाजायला अजून तास होता. मामा म्हणाले, वाकलेली दोन झाडं गेली, पण बाकीची बाग सावरेल.

मग त्यांनी पितांबरकडून किल्ली मागून घेतली आणि लाल दोरा स्वतःच्या हाताने ज्योतीच्या गळ्यात घातला. "मी एकदा बागेत येऊन पाह्यलं पाह्यजे होतं," ते म्हणाले. "तुले बोललो, ते चुकलं माझं."

"हाक तर मीच मारली होती हिला," आई हळूच म्हणाली. "दोन्ही दिवस. सकाळीच बोलायला हवं होतं मी."

पप्पांनी पत्त्यांची पानं खिशात कोंबली. गाडी लावताना मागे पोर उभी केली, तरी उतरून बघायचं काम चालवणाऱ्याचं असतं, असं ते म्हणाले. तेही अहिराणीत नाही, मराठीत म्हणाले, म्हणजे गंभीरपणेच म्हणाले असणार.

मामांनी सुलक्षणाच्या डोक्यावर हात ठेवला. "आपलीच चूक, आणि चारचौघांत सांगितली. मोठ्यांना जमत नही हे. ज्योती, शिक काही सुलक्षणाकडून!"

हेच ते वाक्य! किती वर्षं सुलक्षणा त्याची वाट बघत होती. नावांची अदलाबदल होऊन ते अखेर आलं होतं. तिने पटकन ज्योतीकडे पाहिलं. ज्योती हसत होती, पण नुसत्या ओठांनी. खालचा ओठ दाताखाली धरला होता. ते हसू सुलक्षणाच्या ओळखीचं होतं. धुळ्याच्या घरात आरशात तिने ते कितीदा पाहिलं होतं.

"मामा, असं नका म्हणू," ती म्हणाली. "तासभर मी गप्प बसले होते. आणि ती तेवढा वेळ बादल्या वाहत होती. आमच्यापैकी कुणी कुणाकडून शिकायचं नाहीये."

मामा गोंधळले. आई मात्र गोंधळली नाही. तिने लेकीकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावरचे केस पिठाच्या हाताने मागे सारले.

दुपारी पोट फुटेस्तोवर पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर दोघी झोक्यावर चढल्या, एकाच पाटावर, आधी समोरासमोर उभ्या राहून आणि मग दमून शेजारी शेजारी बसून.

"तुझा निळा कुर्ता कुठंय?" ज्योतीने विचारलं. "मला निळा आवडतो. पण आत्या दरवर्षी पिवळाच आणते."

सुलक्षणाला एवढं हसू आलं की झोक्याची दोरी सुटता सुटता राहिली.

मंगळवारी निघताना गाडी काढायची होती. एक पोरगी मागे उभी राहिली आणि एक पुढे, आणि पप्पांनी स्वतः उतरून चारही चाकांखाली पाहिलं. ज्योतीच्या अंगात निळा कुर्ता होता. सुलक्षणा पिवळ्यात गाडीत बसली. कुर्ता दोनदा धुऊनही डाग जसेच्या तसे होते.

तापीच्या पुलावर आई मागे वळली. "अगं, ज्योती बघ कशी..." एवढं म्हणून ती थांबली.

"कशी काय?" सुलक्षणाने विचारलं.

आईने डागाळलेल्या पिवळ्या कुर्त्याकडे पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली. "पिवळा तुला छान दिसतो. लखनला लिंबू दे, आणि एरंडोलपर्यंत तू पुढे बस."